पोरं टिकत नाहीत, म्हणून मार्कशीट ठेवून घेऊ का?

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतोय:

"सर नमस्कार. आमचं वेरूळ-खुलताबाद रोडला १६ खोल्यांचं लॉज आहे, खाली शाकाहारी डायनिंग हॉल. मिस्टर गेल्यापासून मीच बघते. कोरोनाच्या आधी नऊ माणसं होती, आता चार. दिवाळीच्या तोंडावर एका महिन्यात तीन पोरं गेली. एक गोव्याला, एक वाळूजला कंपनीत, एक पुण्याला डिलिव्हरी करायला. तिघांनाही मीच शिकवलं होतं, आली तेव्हा बेडवर चादर कशी घालायची हे पण माहीत नव्हतं. पगार ९ हजार, वर जेवण आणि राहणं. आता दीर म्हणतात, पोरांच्या ओरिजिनल मार्कशीट ठेवून घे, एक पगार दाबून ठेव, नाहीतर मुकादमासारखी उचल देऊन बांधून घे. मुलगा म्हणतो हॉटेल मॅनेजमेंट केलेली पोरं आण. एक ठेकेदार बाहेरच्या राज्यातली पाच पोरं देतो म्हणतोय. वाळूजला गेला त्याची दहावीची मार्कशीट माझ्याकडंच आहे, मागायला आला होता, मी रागात दिली नाही. त्याचा धाकटा भाऊ बारावीला आहे, त्याला तरी घ्यावं का? आजकालच्या पोरांना कामच नकोय असं वाटायला लागलंय. – वेरूळ रोडवरची एक लॉजवाली"

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा दिरांचं म्हणणं वाचून डोकं फिरलं म्हणून उठून चहा केला, मग परत वाचलं. मी २८ वर्षं हॉटेल लाईनमध्ये काढलीत, रूम बॉय म्हणून चिकटलो आणि ट्रेनिंग मॅनेजर होऊन बाहेर पडलो, त्यामुळं लांबण न लावता सांगतो – मार्कशीट ठेवायची नाही, पगार दाबायचा नाही, उचल तर नाहीच नाही. बाकीचं निवांत बोलू.

का ते पण ऐका. १९९४ साली मी मुंबईत एका हॉटेलात लागलो, नाव नाही घेत. तिथल्या मॅनेजरनं माझा डिप्लोमा ठेवून घेतला, म्हणाला आमच्या तिजोरीत सेफ राहील, तुमच्या खोलीत दहा पोरं झोपतात कोण कधी काय नेईल. मला तेव्हा बरंच वाटलं, काळजी करतोय माणूस. आठ महिन्यांनी जहाजावरच्या नोकरीचा इंटरव्ह्यू आला, ओरिजिनल घेऊन या म्हणाले, आणि इथं तिजोरीची चावी ज्याच्याकडं तो साहेब सुट्टीवर. चार दिवस मी त्या ऑफिसच्या दारात उभा. गेली ती नोकरी. आता यातली तुमच्या कामाची गोष्ट सांगतो, त्यानंतर मी त्या हॉटेलात अजून दोन महिने होतो, म्हणजे त्यांच्या हिशोबानं माणूस टिकला की नाही, पण त्या दोन महिन्यांत मी ग्लास असे पुसले की त्यावर माझे ठसे मोजता आले असते. गेस्टनं हाक मारली की मला ऐकूच यायचं नाही. माणूस अडकवून ठेवता येतो, पण अडकलेल्या माणसानं हसून "नमस्कार, या" म्हणावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही, आणि लॉजच्या धंद्यात आपण तेच तर विकतो.

उचलीचं तर मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. दसरा आला की मुकादम येतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, पैसे हातात ठेवतो, मग कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत उसाच्या फडात, आणि फिटली नाही तर पुढच्या साली परत त्याच्याच गाडीत बसायचं. पैसे देऊन माणसाची दुसरीकडं जायची मोकळीक काढून घ्यायची याला १९७६ च्या कायद्यात वेठबिगारी म्हणतात, आणि तो गुन्हा आहे. दीर जुन्या माणसासारखं बोलून गेले असतील, पण तुम्ही लॉज चालवताय, टोळी नाही. अडीअडचणीला ॲडव्हान्स जरूर द्या, वहीत लिहा, महिन्याला थोडा थोडा कापा, पण "फिटल्याशिवाय जायचं नाही" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

आता ते "पोरांना कामच नको". ताई, तुमच्या पत्रातच उत्तर आहे की. तिघं गेले कुठं? कामावरच गेले! गोव्यात सीझनला डिसेंबरात बारा-चौदा तास पाय मोडेपर्यंत उभं राहावं लागतं, पुण्यातला पोरगा भर पावसात तिसऱ्या मजल्यावर बिर्याणी पोचवायला जातोय, वाळूजवाला रात्रपाळीत मशीनवर उभा आहे. एकालाही आरामाची नोकरी मिळालेली नाही. मग त्यांना तुमच्याकडचं नेमकं काय नको होतं हे बघायला पाहिजे.

पगार हे आहेच, ९ हजार आज कमीच आहेत, पण मला विचाराल तर पगार दुसऱ्या नंबरला. पहिला नंबर वेळेचा. तुमच्याकडं पोरगं सकाळी सहाला उठून गिझर चालू करतं, मग नाश्ता, चेक आउट, खोल्या, दुपारची जेवणं, तीन ते सहा "मोकळं", मग रात्रीची जेवणं, अकरा वाजता गल्ला मोजून झाला की झोप. याला आमच्यात ब्रेक शिफ्ट म्हणतात आणि मालक लोकांना खरंच वाटतं की दुपारचे तीन तास सुट्टी दिली. त्या तीन तासात पोरगं जाणार कुठं, गावाकडं जाऊन येता येत नाही, क्लास लावता येत नाही, मोबाईल बघत गच्चीवर पडून राहतं. कंपनीत आठ तासाची का असेना पाळी असते, भोंगा वाजला की कोणी हाक मारत नाही. आणि सुट्टीचा वार ठरलेला असतो.

तुम्ही सुट्टीचं काही लिहिलेलं नाही म्हणजे बहुतेक "लागेल तेव्हा घेतात" असंच असणार. लेणी मंगळवारी बंद असते, घृष्णेश्वर चालू असलं तरी तुमच्या हॉलवर मंगळवारी दुपारी गर्दी कमीच असणार, मग दोघांना मंगळवार आणि दोघांना बुधवार असं भिंतीवर लिहून टाका. श्रावणात जमणार नाही हे मला माहीत आहे, श्रावणी सोमवार आणि भद्रा मारुतीचा शनिवार म्हणजे रात्रभर पायी येणारी माणसं, तेव्हा कोणालाच सुट्टी नाही, पण तेव्हाची बुडालेली सुट्टी लिहून ठेवा आणि नंतर द्या. नुसतं तोंडी नको.

दुसरं एक कारण आहे जे पोरं तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, ते म्हणजे लग्न. हसू नका, खरंच सांगतो. मुलगी बघायला गेलं की "पोरगा काय करतो" याला "हॉटेलात आहे" असं उत्तर दिलं की समोरचा बाप मनातल्या मनात कपबशा विसळणारं पोरगं बघतो. तोच पोरगा वाळूजला ठेकेदाराकडं टेम्पररी असला तरी "कंपनीत आहे" म्हणतो, आणि सोयरीक पुढं सरकते. माझ्या स्वतःच्या लग्नात आमच्या वडलांनी मी "मुंबईला मॅनेजमेंटमध्ये" आहे असं सांगितलं होतं, तेव्हा मी स्टुअर्ड होतो, ट्रे उचलायचो.

आणि हे नुसतं नावाचं नाही, लोकांचा अनुभव पण तसाच आहे. आठवा, १७ मार्च २०२० ला पुरातत्त्व खात्यानं सगळी स्मारकं बंद केली तेव्हा काय झालं ते. २०१९ ला देशात १ कोटी ९ लाख परदेशी पाहुणे आले होते, २०२० ला २७ लाख, त्यातले पण बहुतेक बंद व्हायच्या आधी आलेले. मोठमोठ्या हॉटेलांनी ट्रेनिंग दिलेली, युनिफॉर्म घातलेली, दहा-दहा वर्षांची माणसं एका फोनवर घरी बसवली. अजिंठा-वेरूळवरचे गाइड, दगड विकणारे, रिक्षावाले, कोणी भाजी विकली कोणी शेतात गेलं. तुमची माणसं नऊवरून कमी व्हायला लागली ती तेव्हाच ना? मग ज्या घरानं ते बघितलंय त्या घरातली आई पोराला काय सांगणार, हॉटेल लाईन पक्की नाही बाबा. पाहुणे बऱ्यापैकी परत आले, माणसं आली नाहीत, आणि देशभर हीच रड आहे, हे एकट्या तुमचं दुखणं नाही. कागदावर बघाल तर राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत १८ लाख रोजगार लिहिलेत. आपल्याकडं जपानच्या कर्जातून रस्ते झाले, विमानतळ झाला, व्हिजिटर सेंटर झालं. सिमेंटला पैसा लगेच मिळतो, पण चादर घालायला शिकवायचा खर्च मात्र तुमच्यासारखी बाई एकटी करते आणि त्याचा फायदा गोवा घेतो. तुमचा राग मला समजतो. फक्त तो पोरावर काढू नका.

आता मुलाच्या सूचनेचं. हॉटेल मॅनेजमेंटची पोरं. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातच रौजाबागेत १९८९ पासून कॉलेज आहे, विद्यापीठात टुरिझमचा विभाग आहे, मुंबईला दादरचं इन्स्टिट्यूट तर १९५४ पासून, म्हणजे पोरं आहेत. पण तीन वर्षं लाखांनी फी भरून, वाइन सर्व्हिस आणि फ्रेंच मेनू शिकून आलेलं पोरगं तुमच्या १६ खोल्यांच्या लॉजवर काय करणार? त्याला फ्रंट ऑफिसला बसायचंय, दुबई बघायचीय, जहाजावर जायचंय. आलं तरी सहा महिन्यात जाणार, आणि जाईपर्यंत तुमच्या जुन्या माणसांना शिकवत बसणार की तुमचं सगळं चुकतंय. आमच्या बॅचची निम्मी पोरं आज बँकेत, मॉलमध्ये, इन्शुरन्समध्ये आहेत, हॉटेलात नाहीत. डिग्री वाईट नाही, फक्त ती तुमच्या खोल्यांसाठी बनलेली नाही. एक करता येईल, कॉलेजच्या पोरांना काही महिन्यांची इंडस्ट्रियल ट्रेनिंग करावी लागते, त्यातली सगळीच ताज-ओबेरॉयला जात नाहीत, एखादं पोरगं सीझनमध्ये तुमच्याकडं घ्या, स्टायपेंड द्या, आणि त्याच्याकडून तुमचं बुकिंग ॲप, फोटो, मेनूकार्ड नीट करून घ्या. झाडू मारायला फुकटचा माणूस म्हणून घेऊ नका, कॉलेजात ही बातमी सगळ्यात आधी पसरते.

ठेकेदाराबद्दल. बाहेरच्या पोरांशी माझं भांडण नाही, मुंबईत मी पण बाहेरचाच होतो. भांडण ठेकेदाराशी आहे. तुम्ही त्याला एका माणसाचे १४ हजार देणार, पोराच्या हातात किती पडतात तुम्हाला कळणार नाही, आणि ज्या रात्री त्याचं-तुमचं वाजेल त्या रात्री पाचही पोरं बॅग भरून एकदम जातील, श्रावणातला रविवार असला तरी. शिवाय वय बघा, हे फार महत्त्वाचं. "आधारवर १८ आहे" म्हणतात आणि समोर मिसरूड न फुटलेलं लेकरू उभं असतं. ढाब्या-हॉटेलात १४ च्या खालचं पोर ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि धाड पडली की ठेकेदार नाही, मालक आत जातो. बाहेरची माणसं हवीच असतील तर सरळ तुमच्या नावावर घ्या, पगार त्यांच्याच खात्यात टाका, पोलीस व्हेरिफिकेशन करा.

मग माणसं आणायची कुठून? ताई, मला एक सांगा, तुमच्या चार माणसांत बाई किती आहेत? तुमच्या पत्रात सगळीकडं "पोरं" आहे. तुम्ही स्वतः बाई असून.

लॉजमध्ये खोल्यांचं खरं काम सकाळी दहा ते दुपारी तीन असतं, चेक आउट झाल्यापासून पुढचा गेस्ट येईपर्यंत. मोठ्या हॉटेलात एक माणूस एका पाळीत १४-१५ खोल्या करतो, तुमच्या १६ खोल्या त्यापण सगळ्या रोज भरलेल्या नसतात, म्हणजे दोन बायका पाच तासात आरामात करतील आणि पोरं शाळेतून यायच्या आत घरी जातील. वेरूळ, खुलताबाद, कसाबखेडा, पळसवाडी, आजूबाजूला बचत गट असतीलच, त्यांच्या अध्यक्षबाईंशी बोला, माणसं त्या शोधून देतात आणि जबाबदारी पण घेतात. आणि भाकरी! मुंबईची फॅमिली समृद्धीनं गाडी हाणत येते, शिर्डी करून वेरूळला उतरते, आणि तुम्ही त्यांना पनीर बटर मसाला देता. गावातल्या बाईला चुलीवर ज्वारीची भाकरी, येसर आमटी, धपाटं, ठेचा करायला कुठलं कॉलेज लागत नाही, आणि जानेवारीत हुरडा ठेवलात तर लोक लेणी सोडून तुमच्याकडं बसतील. हे कौशल्य घरोघर पडून आहे, त्याला कौशल्य म्हणायची आपल्याला सवय नाही एवढंच.

बायका ठेवायच्या तर दोन-तीन गोष्टी मात्र पक्क्या करा – कपडे बदलायला कडी लागणारी खोली, वेगळं बाथरूम, आणि गेस्ट खोलीत असताना बाईनं एकटीनं आत जायचं नाही, दार उघडं ठेवून दोघींनी जायचं. काही वाईट घडलं तर तक्रार कुठं करायची ते पहिल्या दिवशी सांगा, दहापेक्षा कमी माणसं असली तरी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आणि तुमच्या कामाची अजून एक गोष्ट, राज्य सरकारचं २०२३ चं "आई" नावाचं महिला पर्यटन धोरण आहे, त्यात बाईच्या मालकीच्या पर्यटन धंद्याला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार परत देतं, साडेचार लाखांच्या मर्यादेत. अट अशी की कामाला निम्म्या तरी बायका पाहिजेत. लॉज कोणाच्या नावावर आहे ते बघा, मिस्टरांच्या नावावर असेल तर आधी ते काम करून घ्या, मग पर्यटन संचालनालयाच्या ऑफिसला जाऊन विचारा.

शिकवण्याबद्दल जरा जास्त बोलतो, माझा तो विषय आहे.

अजिंठ्याजवळ फर्दापूरला टी पॉइंटला कधी उभ्या राहिलात का? तिथं गारगोट्या, स्फटिक विकणारी पोरं आहेत, शाळा अर्धवट सोडलेली, पण जपानी माणूस दिसला की जपानीत, कोरियन दिसला की कोरियनमध्ये भाव करतात. मी एकाला विचारलं कुठं शिकलास, म्हणाला गिऱ्हाईकाच्या मागं पळत पळत. या पोराकडं हॉटेलला लागणारं सगळं आहे, भाषा आहे, धीटपणा आहे, समोरच्याचा चेहरा वाचता येतो, फक्त कागद नाही. आणि कॉलेजातून दरवर्षी कागद घेऊन बाहेर पडणारी पोरं गेस्टच्या डोळ्यात बघून बोलू शकत नाहीत. मी शेकडो इंटरव्ह्यू घेतलेत, दोन्ही एका माणसात क्वचित भेटतं. म्हणून मार्कशीट बघून माणूस घेऊच नका, अर्धा दिवस हॉलमध्ये उभं करा, पाण्याचा जग रिकामा झालेला न सांगता कोणाला दिसतो ते बघा. ज्याला दिसला तो तुमचा.

त्यानंतर त्याला पायऱ्या दाखवा. समजा पाच कामं आहेत, खोली करणं, हॉलवर वाढणं, स्वयंपाकघरात वस्तादाच्या हाताखाली, काउंटर आणि बुकिंग, आणि पाहुण्याला माहिती सांगणं. एक काम नीट यायला लागलं की पगारात ५०० वाढ, भिंतीवर त्याच्या नावापुढं खूण. पोराला दिसलं पाहिजे की दीड वर्षात मी ९ चा साडेअकरा करू शकतो आणि कशानं करू शकतो. आत्ता तुमच्याकडं पहिल्या दिवशीचा आणि तीन वर्षांचा पोरगा सारखाच "ए पोऱ्या" असतो. (नावानं हाक मारा, आणि छातीवर नावाची पट्टी लावा, ५० रुपयाला होते.) चादरीचे पण तीन तीन सेट ठेवा प्रत्येक बेडमागं, एक बेडवर, एक धोब्याकडं, एक कपाटात. बहुतेक छोट्या लॉजमध्ये दीडच असतो आणि मग पोरगं ओल्या चादरीला फॅनखाली धरून उभं राहतं, वर गेस्ट ओरडतो, वर मालक ओरडतो, आणि आपण म्हणतो पोरगं स्लो आहे.

जो बोलका असेल आणि बारावी पास असेल त्याला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन कोर्स करायला लावा, फोनवर होतो. ज्याला स्वयंपाकात किंवा हाउसकीपिंगमध्ये गोडी आहे त्याच्यासाठी "हुनर से रोजगार तक" ही स्कीम २००९-१० पासून चालू आहे, काही आठवड्यांचा कोर्स, फी नाही. उन्हाळ्यात पाठवा, ऐन दिवाळीत नको. तुम्ही म्हणाल शिकला की पळणार. पळेल. मी पण पळालो होतो. पण ज्यानं शिकवलं त्या माणसाकडं मी नंतर चार पोरं पाठवली, आणि ज्यानं डिप्लोमा दाबला त्याच्याकडं माझ्या ओळखीतलं कोणीही कधी गेलं नाही, मी जाऊ दिलं नाही. वर्ष-दीड वर्षानं पोरगं जाणार हे गृहीत धरूनच माणसं लावा, एक शिकतंय एक तयार आहे एक निघायच्या बेतात आहे, असं.

उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण खरी मेख तिथंच आहे. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस डिग्रीत लेण्यांत कोण येतं, तेव्हा तुम्ही पोरांना घरी पाठवत असणार बिनपगारी, आणि जूनमध्ये "या" म्हणून फोन करत असणार. तोपर्यंत ते दुसरीकडं लागलेलं असतं. यात त्याचा काय दोष? आता बघा, एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. तुमच्या मंद्या महिन्यात मंगल कार्यालयं माणसासाठी तडफडत असतात. शेजारच्या दोन-तीन कार्यालयवाल्यांशी बोलून ठेवा, तुमची शिकलेली पोरं तिथं वाढपी म्हणून रोजावर जातील, निम्मा पगार तुम्ही चालू ठेवा, राहायची खोली चालू ठेवा. पोरगं बारा महिने तुमचंच राहतं आणि तुमचा खर्च अर्धा होतो. खोल्यांना रंग देणं, नळ, गाद्या वाळवणं हे पण तेव्हाच.

पैसे कुठून आणू म्हणाल तर चला हिशोब करू. १६ पैकी रोज सरासरी ८ खोल्या भरतात असं धरा. खोलीमागं ५० रुपये वाढवा, जो दीड हजार देतो तो साडेपंधराशेला परत जात नाही. आठ गुणिले पन्नास गुणिले तीस, महिन्याला १२ हजार. चार माणसांना प्रत्येकी ३ हजार वाढ तिथंच निघाली. दहा माणसं नाहीत त्यामुळं ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तुम्हाला सक्तीची नाही, पण बँकेतून प्रत्येकाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, वर्षाला २० रुपये, २ लाखांचं अपघाती कव्हर, आणि जीवन ज्योती हा आयुर्विमा ४३६ रुपयाला. चौघांचं मिळून दोन हजार पण होत नाहीत. त्याचा कागद पोराच्या घरी जातो, आई तो देवघरात ठेवते, आणि मग "हॉटेल लाईन" थोडी पक्की वाटायला लागते. टिपेसाठी काउंटरवर एक डबा ठेवा, शनिवारी सगळ्यांसमोर उघडून सारखी वाटा, भांडी घासणाऱ्या मावशीला पण. बिलात सर्व्हिस चार्ज घालून तो सक्तीनं मागू नका, तो नाही म्हणायचा गिऱ्हाईकाला हक्क आहे.

एवढं सगळं एकदम होणार नाही. सुट्टीचे वार आणि खोल्यांसाठी दोन बायका, या महिन्यात एवढंच करा. पगारवाढ एक तारखेपासून.

आणि त्याच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात, ती मार्कशीट. कंपनीत कायम करायच्या वेळेला ओरिजिनल बघतात, त्याचं तिथं अडलं असेल, उगाच रागात त्याचं नुकसान करून बसाल. फोन करून बोलावू नका, तुम्हीच त्याच्या घरी जा, आईच्या हातात द्या. सोबत अनुभवाचं पत्र द्या, किती दिवस होता, काय काय काम येतं, खाली सही आणि लॉजचा शिक्का. दिवाळीच्या आठवड्यातले काही दिवसांचे पैसे राहिले असतील तर ते पण पाकिटात. चहा देतील, घ्या. धाकट्याचा विषय मात्र त्या दिवशी काढू नका, त्याला बारावीचा पेपर देऊ द्या.